एकसष्ट किलो

मी वजनकाटे दुरुस्त करते. किराणा दुकानातले, दवाखान्यातले, टपाल कचेरीतले, सोनाराचे काचपेटीतले. ट्रक चढवतात ते सोडून सगळे. बारा वर्षं झाली. तेव्हा घरातला काटा मी स्वतःच्या हाताने बिघडवला हे सांगताना मला कसं वाटत असेल ते तुम्हीच समजा.

आमच्या वर्कशॉपच्या मास्तरांचे दोनच नियम आहेत. पहिला, मालावर संशय घ्यायच्या आधी काट्यावर घ्या. दुसरा, काटा सेट करताना ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे तेच वर ठेवा. त्यासाठी कुलपातल्या कपाटात प्रमाणित वजनं असतात, पाच, दहा, वीस किलोची. त्यांना उघड्या हाताने शिवायचंसुद्धा नाही, बोटांचं तेल लागतं. मी पहिला नियम इतका मनावर घेतला की दुसरा मोडला. चूक एवढीच. पण तिच्यापायी माझी मुलगी माझ्या हातून जायची वेळ आली, म्हणून नीट सांगते.

मुलगी जन्मली तेव्हा दोन किलो सहाशे भरली. नर्सने आकडा सांगितला आणि मी पहिलं काय विचारलं, तर हा काटा शेवटचा कधी तपासलाय. नवरा म्हणाला, "छटाकभर पोरगी झालीय आणि हिला काट्याचं पडलंय." तेव्हापासून ती छटाकी. कागदावर तिला चांगलं चार अक्षरी नाव आहे, ते कुणी वापरत नाही.

नवरा वेल्डर आहे. एका पुलाचं काम चाललंय, गाडीने सहा तासांवर. शनिवारी दुपारी येतो, सोमवारी पहाटे जातो. माझी आई गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही, ती फोनवरच भेटते. म्हणून मदतीला सासूबाई आल्या. चौथ्या मजल्यावरचं आमचं दोन खोल्यांचं घर, त्यात सासूबाई, मी आणि छटाकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते, तिथे कुणाची तरी चादर कायम वाळत असते. ती चादर मी त्या सहा महिन्यांत इतक्या वेळा पाहिली की तिची शिवण कुठे उसवलीय ते आजही सांगेन.

पहिले तीन महिने मी नुसती धावत होते. छटाकीला पाजलं की फरशी, फरशी झाली की खिडक्यांच्या काचा, काचा झाल्या की कपाटातले कपडे काढून पुन्हा लावायचे. छातीत सारखी धडधड. सगळे स्वेटर घालून बसलेले आणि मी पंख्याखाली घामाने भिजलेली. झोप यायची नाही, आली तरी दचकून जाग. वजन झरझर उतरलं. गरोदर राहायच्या आधी बारा वर्षं माझं वजन एकसष्ट होतं, बाळंतपणानंतर सत्तर, आणि दहाव्या आठवड्यात अठ्ठावन्न. शेजारीण दारात थांबवून विचारायची, काय खातेस गं. सासूबाई फोनवर बहिणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईच्या पायाला चाकं आहेत." माझं कौतुक कानावर पडत होतं आणि मला ते गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू.

एकदा मास्तर एक सोनाराचा काटा घेऊन घरी आले. नव्या माणसाला जमेना, म्हणाले, तू जरा बघ. मी चिमट्यात दोन मिलिग्रॅमचं वजन, पत्र्याचं इवलंसं पान, उचललं, ते पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा मास्तरांनी माझ्या हातातून चिमटा काढून घेतला. "चहा कमी कर," एवढंच म्हणाले. मी चहा कमी केला. त्या थरथरणाऱ्या हाताबद्दल त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही.

चौथ्या महिन्यात ती चाकं निखळली.

एका सकाळी उठले आणि उठवेचना. पाय कुणी ओल्या वाळूत पुरून ठेवल्यासारखे. दोन दिवसांत जाईल म्हटलं, दोन आठवडे गेले. अंगात थंडी अशी शिरली की भर दुपारी मोजे घालून बसायचे. विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. कातडी कोरडी, आवाज घोगरा. फोनवर आई म्हणाली, कोण बोलतंय. पोट आठवड्यातून दोनदा साफ व्हायचं, तेही उपकार केल्यासारखं. डोकं तर विचारूच नका. गॅसवर दूध ठेवून मी समोर उभी राहायचे आणि ते माझ्या डोळ्यांदेखत उतू जायचं. मला दिसत असायचं. फक्त दूध उतू चाललंय तर गॅस बंद करायचा असतो, हे सुचायला वेळ लागायचा.

आणि एक गोष्ट जी मी कुणाला बोलले नव्हते. छटाकी रडली की मला वाटायचं, शेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडतंय. बिचारं, घेईल त्याची आई. मग लक्षात यायचं की ती आई मी आहे, आणि उठणं जिवावर यायचं. मी तिला घ्यायचे, पाजायचे, पुसायचे, सगळं बिनचूक करायचे. गिऱ्हाइकाचा काटा आला की करतो तसं. माझ्या पोटच्या पोरीबद्दल मला काही वाटत नव्हतं. हे वाक्य मी आंघोळीच्या वेळी नळ सोडून एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि मला माझीच भीती वाटली.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सासूबाईंना म्हटलं, "आई, मला फार थकल्यासारखं होतंय."

"मूल झालं की थकवा येणारच. मी दोन वाढवली. तेव्हा कुणी मला विचारायला नव्हतं."

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आराम कर ना. आई आहे की." आणि फोनवर मागून कुणीतरी हाक मारली म्हणून गेला. माझी आई फोनवर म्हणाली, "होतं असं, मला पण झालं होतं." पुढे काही बोलली नाही. शेजारीण म्हणाली, मन रमव. मन कुठे आणि ते रमवायचं कुठे, हे मात्र कुणी सांगितलं नाही. तीन माणसांच्या घरात मी दिवसभर कुणाशी एक खरं वाक्य बोलत नव्हते.

आता काट्याचं. आमच्या घरात एक डिजिटल काटा आहे, मीच भंगारातून उचलून दुरुस्त केलेला. दर रविवारी त्याच्यावर छटाकीचं वजन व्हायचं. एकटं माणूस चढायचं, मग तिला कडेवर घेऊन चढायचं, आणि फरक काढायचा. सासूबाई आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायच्या. छटाकी शहाण्यासारखी वाढत होती. मी मात्र चौसष्ट झाले, मग सहासष्ट, मग अडुसष्ट. आणि मी काय खात होते, तर सकाळी अर्धा ब्रेड आणि रात्री वाटीभर सूप. जेवण घशाखाली उतरत नव्हतं.

न खाता कुणाचं वजन सात किलो वाढतं का. मालावर संशय घेण्याआधी काट्यावर घ्या. मी एका मंगळवारी काटा उलटा केला, मागचं झाकण उघडलं, आतलं बटण दाबून तो सेटिंगला टाकला. आता वर ठाऊक असलेलं वजन ठेवायचं. वर्कशॉपमधून वीस-वीस किलोची तीन वजनं चार जिने चढवून कोण आणणार. मला तर दूधपिशवी जड होत होती. मग मी काय केलं, मी स्वतः वर उभी राहिले आणि आकडा दिला एकसष्ट. बारा वर्षं मी एकसष्ट होते. माझ्याइतकं पक्कं ठाऊक असलेलं वजन घरात दुसरं कुठलं होतं.

झाकण लावलं, पुन्हा चढले. एकसष्ट. मला बरं वाटलं. त्या महिन्यात बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट.

रविवारी सासूबाई छटाकीचं वजन करायला काट्यापाशी आल्या. आधी एकट्या चढल्या तेव्हा बावन्न दाखवले. आदल्या रविवारी त्या अठ्ठावन्न होत्या. त्यांनी दोनदा उतरून चढून खात्री केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बघ, या घरात राबून सहा किलो उतरले माझे." मी तिथेच सोफ्यावर बसलेले. बारा वर्षांचा अनुभव घेऊन बसलेले. साठीच्या बाईचे एका आठवड्यात सहा किलो उतरतात का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. त्यांना फार काम पडतंय, एवढंच आलं, आणि माझी मान खाली गेली.

मग त्या छटाकीला घेऊन चढल्या, फरक काढला आणि पुन्हा एकदा काढला. आदल्या रविवारी सहा किलो सहाशे होती. आज सहा किलो शंभर.

पुढच्या रविवारीही सहा किलो शंभर. नवरा घरीच होता. त्याने कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दूध आटलंय हिचं. आणि लक्षही नाही. मी किती दिवस पुरी पडणार." सासूबाईंनी माझ्या नणंदेला फोन लावला.

नणंद माणूस म्हणून वाईट नाही. मोकळं घर आहे, दोन मुलं शाळेत जातात, स्वतः घरी असते. ती म्हणाली, "मी शुक्रवारी येते, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने बाळाला घेऊन जाते. दोन-तीन महिने बाटलीवर राहील. तोवर ही सावरेल." नवऱ्याने मला विचारलं, "चालेल ना तुला?"

मी म्हटलं, "चालेल."

आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची इतकी किळस आली की मी बाथरूममध्ये जाऊन बादलीवर बसून राहिले. आपल्या पोरीला कुणी नेतंय आणि आपल्याला झोप मिळेल असं वाटतंय, ही कसली आई.

नणंदेला लसींचं कार्ड शिक्का मारून हवं होतं, आणि बाटलीचं दूध कुठलं द्यायचं ते लिहून. म्हणून गुरुवारी मी छटाकीला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. चार जिने उतरले, कोपऱ्यापर्यंत चालले आणि तिथल्या बाकावर बसले तेव्हा धाप लागली होती.

नर्सने छटाकीला उघडी करून ट्रेच्या काट्यात ठेवलं. "सहा किलो आठशे," ती म्हणाली आणि लिहायला वाकली.

"तुमचा काटा चुकतोय," मी म्हटलं. "ती सहा किलो शंभर आहे."

नर्सचं तोंड वाकडं झालं. "ताई, काटा तपासलेला आहे. स्टिकर आहे बाजूला, वाचा."

मी वाकून वाचलं. तपासणीची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख, आणि खाली सही. सही माझी होती. पोट पुढे आलेलं असताना, सुट्टीवर जायच्या आधीच्या आठवड्यात मी हा दवाखाना केला होता. ट्रेचा काटा केला होता, शेजारी मोठ्या माणसांचा उभा काटा आहे तोही केला होता. प्रमाणित वजनांनी, हातमोजे घालून.

मी स्वतःच्या सहीशी वाद कसा घालणार. चपला काढल्या आणि मोठ्या काट्यावर उभी राहिले. एकोणसत्तर. आदल्या दिवशी घरी बासष्ट दाखवले होते.

मग ते सगळं एकदम डोक्यात उतरलं, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी उतरलं. घरचा काटा दर दहा किलोमागे एक किलो खात होता. माझे सात खाल्ले. सासूबाईंचे सहा खाल्ले. आणि छटाकीचे सातशे ग्रॅम. पोरगी एक ग्रॅमही कमी झाली नव्हती. ती माझ्या दुधावर वाढत होती आणि मी तिला कमी दाखवणारा काटा स्वतःच्या हाताने बनवून ठेवला होता. मी काट्यावर उभ्या उभ्याच रडायला लागले. नर्स घाबरली. तिने छटाकीला दुपट्यात गुंडाळलं आणि आत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. मला आतल्या खुर्चीवर बसवलं. मी हुंदके देत देत काट्याचीच गोष्ट सांगत होते, दहाला एक, दहाला एक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काटा राहू दे. न खाता सात किलो वाढले, ते खरेच वाढलेत ना मग. त्याचं काय?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. काटा दोषी धरला की माल बघायचं काम उरत नाही.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. थंडी वाजते का. पोट साफ होतं का. आवाज आधीपासून असाच का. मी हो हो करत गेले. मग म्हणाल्या, "या आधी, पहिल्या तीन महिन्यांत कशा होतात? उलटं होतं का सगळं? धडधड, घाम, हात थरथरणं?"

दोन मिलिग्रॅमचं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, "तेव्हा तर सगळे माझं कौतुक करत होते."

"करणारच. तेव्हा घर चकचकीत असतं ना," त्या म्हणाल्या आणि माझ्या मागे येऊन गळ्यावर बोटं ठेवली. "गिळा." मी गिळलं. "काही बायकांची थायरॉइड बाळंतपणानंतर अशी बिघडते. आधी सुसाट सुटते, मग बसते. सुटते तेव्हा कुणी डॉक्टरकडे येत नाही. बसते तेव्हा सगळे म्हणतात मूल झालंय, थकणारच. घरात कुणाला थायरॉइड?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग आठवलं. आई रोज सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी एक बारीक पांढरी गोळी घ्यायची. मी शाळेत जायचे तेव्हापासून. कसली ते आम्ही कधी विचारलं नाही.

त्यांनी मला तिथूनच फोन लावायला लावला. आई म्हणाली, "अगं, ती थायरॉइडची. तुझ्या वेळेला लागली, ती कायमचीच."

"आई, मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली. रागाने नाही, साधंच म्हणाली. मी फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढायला सांगितलं. थायरॉइडसाठी आणि रक्त कमी आहे का तेही बघायला. मला वाटलं झालं. तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "बाळाबद्दल काय वाटतं?"

मी दाराकडे पाहिलं. बाहेर नर्स छटाकीला खेळवत होती. नळ सुटलेला नव्हता, तरी मी बोलले. शेजारच्या घरातलं मूल, ती बिचारं घेईल त्याची आई, सगळं. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, मला फक्त कुणी नसलेल्या खोलीत झोपून राहावंसं वाटतं. त्या एका कोऱ्या कागदावर लिहीत होत्या. माझेच शब्द, जसेच्या तसे.

"ऐका," त्या म्हणाल्या. "यातलं काही थायरॉइडचं असेल, काही झोप नसल्याचं, काही मनाच्या आजाराचं, आणि काही घरातलं. आज बघून मला वेगळं करता येणार नाही. थायरॉइड निघाली तर ती बरी करू आणि मागे काय उरतं ते बघू. नाही निघाली तरी तुम्ही परत यायचं. थायरॉइड नाही म्हणजे तुम्हाला काही नाही, असं समजायचं नाही. रिपोर्ट शनिवारी."

घरी जाऊन मी सासूबाईंना सांगितलं. छटाकी सहा किलो आठशे आहे. काटा मी चुकीचा सेट केला होता.

सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे सहा किलो?"

"उतरले नाहीत, आई."

याचा त्यांना जो धक्का बसला तो छटाकीच्या वजनाच्या आनंदापेक्षा मोठा होता. त्या आत गेल्या, भांडी आपटली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "बारा वर्षं काटे लावतेस आणि घरचा काटा असा करून ठेवतेस. यावरूनच कळतं तुझं डोकं ठिकाणावर नाही. बाळ जाऊ दे तिकडे. तुझ्याच भल्यासाठी." आणि ते खरंही होतं, डोकं ठिकाणावर नव्हतंच.

शुक्रवारी नणंद आली. शनिवारी सकाळपासून तिने छटाकीचे कपडे घडी घालून बॅगेत भरायला घेतले. टोपरी, लंगोट, आणि नव्या दोन बाटल्या. मी बसून बघत होते आणि मनातल्या मनात आजार मागत होते. देवा, रिपोर्ट वाईट येऊ दे. बरा आला तर मग मीच वाईट. असं मागणं मी जन्मात मागितलं नव्हतं.

दुपारी नवरा आला आणि त्याच्या पाठोपाठ दवाखान्यातून फोन. थायरॉइडचा जो आकडा चारच्या खाली असावा, तो अठ्ठेचाळीस होता. उद्यापासून गोळी सुरू करा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सकाळी उपाशीपोटी. अंगावर पाजायला काही हरकत नाही. बऱ्याच जणींची गोळी वर्षभरात बंद होते, काहींची कायम राहते, ते पुढे बघू.

मी फोन ठेवून सांगितलं. खोलीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे गोळीने जाईल ना हे," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "साधी थायरॉइडच निघाली की." नणंद हातात टोपरं धरून उभी. तिने विचारलं, "मग मी नेऊ की नको?"

तिने विचारलं नवऱ्याला. नवऱ्याने पाहिलं सासूबाईंकडे. सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. मी तिथेच होते, दोन हातांवर.

"मला विचारा," मी म्हटलं. आवाज घोगरा, तो काही गोळी न घेता सुधारणार नव्हता. "ती सहा किलो आठशे आहे. ते सगळं माझं दूध आहे. मला काही वाटत असो नसो, मी एक वेळ चुकवली नाही. ती कुठे जाणार नाही." आणि मी उठून बॅग उलटी केली. कपडे गादीवर पडले. बाटल्या गडगडत पलंगाखाली गेल्या. नणंदेने खाली वाकून एक-एक कपडा पुन्हा कपाटात लावायला घेतला, आणि त्याबद्दल मी तिचे उपकार मानते.

तीन आठवड्यांनी मोजे सुटले. पाचव्या आठवड्यात दूध वर यायला लागलं आणि माझ्या हाताने गॅस बंद केला, मी काही ठरवायच्या आधी. त्याच सुमाराला एका सकाळी छटाकी रडली आणि मी उठून बसले होते, दुपटं हातात घेऊन, आणि मनात होतं, आले गं माझी बाय. ते शेजारचं घर कुठे गेलं कोण जाणे. मी तिच्या मानेत नाक खुपसलं आणि बराच वेळ तशीच राहिले. ती वैतागून माझे उरलेसुरले केस ओढत होती.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, नॉर्मल म्हणाल्या, आणि ड्रॉवरमधून तो जुना कागद काढला. एक-एक ओळ वाचून विचारत गेल्या. थंडी. गेली. पाय. हलके झाले. विसरणं. गेलं. केस. कमी गळतात. बाळ दुसऱ्याचं वाटतं.

"नाही. माझंच आहे," मी म्हटलं, आणि दोघी हसलो.

शेवटची ओळ त्यांनी वाचली. "घरात असून कुणी नाही असं वाटतं."

मी हे बोलले होते हे मला आठवतच नव्हतं. त्यांनी घाई केली नाही. मग मी म्हटलं, "ते आहे. होतं तसंच आहे."

"मग ते थायरॉइडचं नव्हतं," त्या म्हणाल्या. एका बाईंचा नंबर लिहून दिला, बाळंतिणींशी बोलतात त्या. "त्यांच्याकडे जा. पण ज्याला सांगायचंय त्यालाही सांगा."

त्या शनिवारी सासूबाई छटाकीला घेऊन खाली गेल्या होत्या. घरचा काटा मी मास्तरांकडून रीतसर लावून आणला होता. त्याच्यावर मी चौसष्ट भरते, आणि सासूबाई त्याच्यावर चढत नाहीत. नवरा आला, दारातच बूट काढायला बसला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"मला तुझ्याशी बोलायचंय," मी म्हटलं. "मी या घरात फार एकटी आहे. तुझी बहीण माझी पोर नेणार होती तेव्हा तू मला विचारलंस, चालेल ना, आणि मी चालेल म्हटल्यावर तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. माझे हात थरथरत होते तेव्हाही नाही. मला त्याचा फार राग आहे, आणि तो गेलेला नाही."

तो गोंधळला. "अगं, पण रिपोर्ट नॉर्मल आला ना?"

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच आता सांगते आहे."

तो एक बूट हातात धरून तसाच बसला. दुसरा पायातच होता. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि तो माझ्याकडे बघेपर्यंत थांबले.